लठ्ठपणा आणि आतड्यांचा दाहविकार

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोन दीर्घकालीन आजारांना मिळून आतड्यांचा दाहविकार किंवा आयबीडी म्हणतात. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, पोटात कळ आणि थकवा ही त्यांची लक्षणे. असा रुग्ण खंगलेलाच असणार ही समजूत आता टिकत नाही. पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांत १५ ते ४० टक्के रुग्ण लठ्ठ आढळले आहेत.

पोटातली चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातून टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात उतरतात. क्रोन्समध्ये चरबी आणि दाहाचे हे नाते डोळ्यांनी दिसते. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले की आजारी आतड्याचा तेवढाच भाग पिवळ्या, जाड चरबीने वेढलेला आढळतो, शेजारचे निरोगी आतडे मोकळे असते. या चरबीत आतड्यातून सरकलेले जिवंत जीवाणू असल्याचे २०२० मध्ये दाखवण्यात आले. गळक्या भिंतीला लिंपण घालावे तशी ती तिथे जमते. पण पुढे तंतुमय ऊती वाढून आतडे अरुंद होण्यातही तिचा हात असतो. लठ्ठ व्यक्तींत क्रोन्सचा धोका काहीसा वाढतो, कोलायटिसचा वाढल्याचे मात्र दिसत नाही.

महाराष्ट्रात हा संबंध तपासताना वजनकाट्यावर विसंबून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा म्हणूनच ३० ऐवजी २५ बीएमआयवर धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे मानतात. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्याचेच उदाहरण घ्या: ताम्हिणीच्या बाजूला भातखाचरे आहेत आणि हिंजवडीला आयटी पार्क. लावणीला दिवसभर वाकणारे आणि खुर्चीत दिवस काढणारे एकाच तालुक्यात राहतात. दवाखान्यात दोघांच्याही कमरेला टेप लावायला हवी.

लठ्ठपणा उपचारातही आडवा येतो. ॲडालिमुमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाची ठरावीक मात्रा जड शरीरात अपुरी पडू शकते. वजनानुसार दिले जाणारे इन्फ्लिक्सिमॅबही काहींत लवकर निष्प्रभ होते. स्टेरॉइडने भूक आणि वजन वाढते, शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याची भीती अधिक. त्याच वेळी चरबीआड स्नायू झिजलेले असू शकतात, म्हणून हाताच्या पकडीची ताकद मोजणे उपयोगी ठरते. आजार उसळलेला असताना वजन उतरले तर कौतुक न करता ते दाह वाढल्याचे चिन्ह समजून तपासावे. त्या काळात उपवास किंवा कडक पथ्य घातक. वजन कमी करायचे ते आजार शांत असताना, पुरेशी प्रथिने खाऊन, हळूहळू. भारतात आतड्याचा क्षयही क्रोन्ससारखाच दिसतो, त्यामुळे औषध ठरवण्यापूर्वी एंडोस्कोपी आणि बायोप्सी करून घेतात.