दिनविशेष : ६ मार्च
१२०४ : सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याने नॉर्मंडीत सीन नदीकाठचा शातो गायार हा इंग्लंडच्या राजाचा किल्ला जिंकला. या वेढ्यातले गावकरी विसरता येत नाहीत. दाणागोटा पुरेना म्हणून किल्लेदाराने किल्ल्यात आश्रयाला आलेल्या या गावकऱ्यांना बाहेर काढले. फ्रेंचांनी वाट अडवली. ऐन हिवाळ्यात, तट आणि वेढ्याच्या मधल्या उतारावर, बायकापोरे कुत्र्यांचे मांस खाऊन तगली. कित्येक भुकेने मेली. वेढ्यात अडकलेल्यांना सुखरूप वाट द्यावी, ही मागणी आजच्या युद्धांतही करावी लागते. पुढे जूनमध्ये रूआं शहरही पडले, नॉर्मंडी इंग्लंडच्या हातून गेली. उरली ती जर्सी, गर्न्सीसारखी बेटे. ती आजही ब्रिटिश राजाच्या छत्राखाली आहेत, पण युनायटेड किंगडमचा भाग नाहीत.