एका धातूच्या ड्रमची कीर्ती

आपल्या हातांनी घडविलेल्या वस्तूवर आपलेच आडनाव घालता येऊ नये, असा प्रसंग फार थोड्या कारागिरांवर येतो. शिकागोच्या विल्यम लुडविग ह्यांच्यावर तो आला आणि अठरा वर्षे टिकला. ते नाव परत मिळाल्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या कारखान्यातून जो धातूचा ड्रम बाहेर पडला, त्याच्याविषयी जगभरचे ड्रमवादक अद्याप वाद घालीत आहेत.

हा ड्रम म्हणजे बँडमधला लहान ड्रम होय. इंग्रजीत त्याला स्नेअर ड्रम म्हणतात. आपल्याकडच्या पोलीस व लष्करी बँडमध्ये तो साइड ड्रम म्हणून परिचित आहे. गोव्यातील चर्चच्या फेस्ताला किंवा बडोद्यासारख्या जुन्या संस्थानांच्या बँडमध्ये तो ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्याचा कडकडाट निराळा सांगावयास नको. ताशाला एकच पान असते, ह्याला दोन. आणि खालच्या पानाला बारीक तारांची एक पट्टी चिकटून बसविलेली असते. वर काठी पडली की खाली त्या तारा थरथरतात. लाकडाचे अंग असेल तर हा आवाज थोडा मऊ, उबदार होतो. धातूचे असेल तर तो अधिक तेजस्वी आणि निथळ होतो.

लुडविग हे जन्माने जर्मन. लहानपणीच आईबापांबरोबर ते अमेरिकेत आले, आणि सर्कशीत व नाटकगृहांत ड्रम वाजवून त्यांनी पोट भरले. त्या काळच्या झपाट्याच्या चालींना मोठ्या ड्रमचे पेडल पुरे पडेना, म्हणून त्यांनी नवे, चपळ पेडल तयार केले आणि १९०९ साली आपला भाऊ थिओबाल्ड ह्याच्यासह कारखाना काढला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत थिओबाल्ड गेला. विल्यम एकटे उरले. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या पितळी स्नेअर ड्रमनी नाव काढले. पितळेवर काळा मुलामा चढवून त्यावर फुलापानांचे कोरीव काम केलेले ते ड्रम ‘ब्लॅक ब्यूटी’ ह्या नावाने आजही ओळखले जातात, आणि जुन्या वस्तूंचे शौकीन त्यांच्यासाठी भारी किंमत मोजतात.

तोच बोलपट आला. १९२७ नंतर मूक चित्रपटांना साथ करणारे वाद्यवृंद एकामागून एक मोडले आणि ड्रम विकत घेणारा वादकच बेकार झाला. लुडविग ह्यांनी आपला व्यवसाय कॉन ह्या मोठ्या कंपनीच्या स्वाधीन केला. कारखाना इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथे गेला, आणि त्याबरोबर नावही गेले. १९३७ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, हे गृहस्थ पुन्हा शिकागोत नवा कारखाना उभारून बसले. परंतु ‘लुडविग’ हे नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे होते. त्यांना आपल्या नावाची केवळ आद्याक्षरे, डब्ल्यू. एफ. एल., एवढीच मालावर छापता आली. १९५५ साली त्यांनी व त्यांच्या मुलाने कॉनकडून ते नाव विकत परत घेतले. आपलेच आडनाव पैसे मोजून घरी आणावे लागले, ह्यात विनोद आहे की दुःख, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पन्नासाचे दशक संपता संपता ह्या कारखान्याने पितळी अंगाचा, वर क्रोमचा लखलखीत मुलामा दिलेला स्नेअर ड्रम आणला. साठाच्या दशकाच्या आरंभी पितळ जाऊन त्याजागी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आला, आणि ‘सुप्राफोनिक’ हे नाव रूढ झाले. खोली पाच इंच, व्यास चौदा इंच; अंगाला कोठे सांधा नाही; मध्यावर एक उंचवटा गोल फिरविलेला; ताण देण्यास वरच्या पानाला दहा आणि खालच्या पानाला दहा स्क्रू. ह्याच्या जोडीला साडेसहा इंच खोलीचा थोरला भाऊही निघाला.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेत वासराच्या कातड्याऐवजी प्लास्टिकची पाने निघाली. पावसाळी हवेत तबल्याचे किंवा ढोलाचे चामडे कसे उतरते, हे आपल्या वादकांना पुरते माहीत आहे. तिकडच्या वादकांचेही दुःख तेच होते. नवे पान हवेला बधत नव्हते आणि कितीही ताणले तरी सोसत होते. धातूच्या अंगाचा सर्व कस लागावयास असेच पान हवे होते. ह्या ड्रमच्या कीर्तीत त्या पानाचाही वाटा आहे. पण वादक गुण गातात ते अंगाचेच.

ते काय म्हणतात? बहुतेकांचे मत असे की, हा ड्रम हट्टी नाही. घट्ट ताणला तर बंदुकीच्या बारासारखा वाजतो, सैल सोडला तरी बोल गिळीत नाही. जॅझवाला तारांच्या कुंचल्याने त्यावर कुजबुज करतो. रॉकवाला काठीच्या बुडख्याने घाव घालतो. दोघांनाही तो आपलाच वाटतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, जेथे सकाळी एका प्रकारचे गाणे आणि दुपारी दुसऱ्याच प्रकारचे, तेथे असे वाद्य म्हणजे घरातला जाणता गडी. जगात सर्वांत अधिक ध्वनिमुद्रित झालेला स्नेअर ड्रम हाच, असे सर्रास सांगितले जाते. अशी मोजदाद कोणी करावी आणि कशी करावी? तरीही हे विधान वादक खळखळ न करता मान्य करतात, ह्यालाच खरा अर्थ आहे.

विरोधी पक्षही आहे. घाव पडल्यानंतर मागे रेंगाळणारी धातूची किणकिण काहींच्या कानांस बोचते. मग पानावर चिकटपट्टी लाव, पैशाचे पाकीट ठेव, असे उपाय चालतात. लाकडाचे भक्त तर ह्या ड्रमला कोरडा आणि थंड म्हणतात. त्यांच्या बाजूला एक भारी साक्षीदार आहे. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी बीटल्स ह्या इंग्रज चौकडीचा कार्यक्रम अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर झाला. सुमारे सात कोटी तीस लक्ष लोकांनी तो पाहिला, आणि रिंगो स्टार ह्यांच्या मोठ्या ड्रमवरील ‘लुडविग’ ही अक्षरेही पाहिली. त्यानंतर शिकागोच्या कारखान्याला रात्रंदिवस काम पुरेना. पण रिंगो ह्यांचा स्नेअर ड्रम लाकडी होता! कंपनीने त्याच वर्षी शिकागोत त्यांना सोन्याचा मुलामा दिलेला धातूचा स्नेअर ड्रम नजर केला. तो त्यांनी जपून ठेवला आणि वाजविला आपला लाकडीच. धातूच्या ड्रमच्या खपाला भरती आणणारी लाट लाकडी ड्रमने उठविली, ही गोष्ट ह्या वादात सहसा कोणी काढीत नाही.

लेड झेपलिनचे जॉन बॉनम मात्र धातूचेच. साडेसहा इंच खोलीचा सुप्राफोनिक हा त्यांचा नेहमीचा ड्रम. १९८० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. तेव्हापासून तोच ड्रम घेऊन तोच आवाज शोधणाऱ्या तरुणांची रांग संपलेली नाही. त्यांतील पुष्कळांची निराशा होते. बॉनम ह्यांचे सर्वांत गाजलेले ध्वनिमुद्रण हॅम्पशायरमधील एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालच्या दालनात झाले होते, आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले होते. ड्रम विकत मिळतो. जिना आणि मनगट मिळत नाही.

सर्वांत कडवा तंटा आहे तो घरातलाच: पितळ की ॲल्युमिनियम? पहिल्या काही वर्षांचे पितळी अंगाचे ड्रम थोडे, म्हणून महाग. त्यांचा आवाज अधिक भरदार असल्याचे त्यांचे धनी शपथेवर सांगतात. त्यात तथ्य नाही असे नव्हे. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे, आणि वजनाचा परिणाम नादावर होतोच. परंतु वर क्रोम असल्यामुळे दोन्ही डोळ्यांस सारखेच दिसतात. मग शौकीन काय करतो? तो ड्रम हातात तोलून पाहतो, आणि मग त्याला पितळ ‘ऐकू’ येते. निदान थोडा भाग तरी असा तोलून ऐकलेला असतो, हे उघड आहे.

ह्या ॲल्युमिनियमने कारखान्याची फजितीही केली. त्यावर क्रोम नीट धरेना. जुन्या भांड्याची कल्हई उडावी तसा मुलामा फुगून, पुळ्या येऊन सुटू लागला. असे डागाळलेले हजारो ड्रम आज वाजत आहेत, आणि आवाजात उणे आले असे त्यांचे मालक म्हणत नाहीत. ह्याच धातूचे अंग क्रोमशिवाय, साध्या करड्या रूपात, दहाऐवजी आठ स्क्रू घालून कारखान्याने साठाच्या दशकात ‘ॲक्रोलाइट’ ह्या नावाने शाळकरी मुलांसाठी काढले. स्वस्त, हलका, शाळेच्या बँडचा ड्रम; मोठ्या वादकाने त्याकडे पाहूही नये, अशी त्याची पायरी. पुढे त्या मुलांपैकी काही जण धंदेवाईक वादक झाले. चांगले चांगले ड्रम त्यांनी विकत घेतले, आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी माळ्यावरचा तो शाळेतला ड्रम खाली काढला. त्याची किणकिण थोडी आखूड, म्हणून मायक्रोफोनपुढे तो अधिक सोयीचा, असे कित्येकांनी जाहीर सांगितले. मग त्याचीही किंमत चढली, आणि मुलांच्या खिशास परवडणारे हे वाद्य प्रौढांच्या संग्रहात जाऊन बसले.

विल्यम लुडविग १९७३ साली वारले. १९८१ मध्ये त्यांच्या मुलाने कारखाना सेल्मर कंपनीला विकला, आणि काही वर्षांत तो शिकागोहून नॉर्थ कॅरोलायनातील मन्‍रो येथे गेला. ह्या वेळी मात्र नाव वाद्यावर तसेच राहिले. तेथे पितळी आणि ॲल्युमिनियमचे, दोन्ही अंगांचे ड्रम आजही तयार होतात.