लेखाखालची सही

दिवाळी अंक हातात आला की आपण आधी अनुक्रमणिका उघडतो आणि विषयांच्या आधी नावं वाचतो. काय वाचायचं ते बरंचसं तिथंच ठरतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज वाचकाला ही सोय नव्हती. वजनदार नियतकालिकात लेखकाचं नाव छापायचं नाही, हाच तेव्हाचा शिरस्ता.

१८०२ च्या ऑक्टोबरात फ्रान्सिस जेफ्री, सिडनी स्मिथ, हेन्री ब्रूम अशा तरुण मित्रांनी ‘एडिंबरो रिव्ह्यू’ हे त्रैमासिक काढलं. नावाला पुस्तक परीक्षणं. प्रत्यक्षात पुस्तक बाजूला ठेवून राजकारणापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळ्यावर टिप्पणी. पुढे लेखकांना फर्म्याच्या हिशेबाने भरभक्कम मानधन मिळू लागलं, पण लेखाखाली नाव नाही. बोलायचे ते ‘आम्ही’. एकट्या माणसाचं मत या ‘आम्ही’चा झगा चढवून आलं की निकालपत्रासारखं वाटायचं, आणि मंडळींना ते पुरेपूर ठाऊक होतं.

झगा घातला तरी आतला माणूस कोण, याची कुजबुज व्हायचीच. कवी टॉमस मूरवर असाच एक जहरी लेख आला. तो जेफ्रीचा, हे कळताच मूरने द्वंद्वाचं आव्हान दिलं. १८०६ च्या ऑगस्टमध्ये लंडनजवळच्या चॉक फार्मला दोघं पिस्तुलं घेऊन उभे राहिले, तेवढ्यात पोलीस आले. तपासणीत जेफ्रीच्या पिस्तुलात गोळीच निघाली नाही. लंडनभर हशा पिकला, आणि पुढे हे दोघे चांगले मित्र झाले. बायरनचा नेम तर साफ चुकला. १८०८ मध्ये त्याच्या कवितांची याच त्रैमासिकाने सालटी काढली. पुढच्या वर्षी त्याने दीर्घ उपहासकाव्य लिहून जेफ्रीला झोडपलं. मूळ लेख होता ब्रूमचा. या लपाछपीत एकाचा जीवही गेला. ‘ब्लॅकवुड्स’ मासिकातल्या निनावी हल्ल्यांमागे कोण, या वादातून १८२१ मध्ये त्याच चॉक फार्मवर ‘लंडन मॅगझिन’चा संपादक जॉन स्कॉट द्वंद्वात जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला.

एवढ्यावरून निनावीपणाला भ्याडपणा म्हणून मोकळं होता येत नाही. १८५१ पासून दोन-तीन वर्षं ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’चं संपादन मुख्यतः मॅरियन इव्हान्स ही तिशीतली बाई करत होती. संपादक म्हणून नाव जॉन चॅपमनचं. तिचे लेखही निनावी. ते लेख बाईचे आहेत हे आधी सांगितलं असतं, तर किती जणांनी तितक्याच गांभीर्याने वाचले असते?

या शिरस्त्याला हिशेबीपणे छेद दिला तो १५ मे १८६५ रोजी निघालेल्या ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ने. कादंबरीकार अँथनी ट्रॉलप आणि मंडळींचं हे पाक्षिक. (वर्ष-दीड वर्षात ते मासिक झालं, नाव मात्र पाक्षिकाचंच राहिलं.) फ्रेंच नियतकालिकांच्या धर्तीवर नियम असा, की प्रत्येकाने आपल्या नावाने लिहावं, संपादकाने सगळ्यांना एका सुरात गायला लावू नये. पहिला संपादक जॉर्ज हेन्री ल्यूइस, म्हणजे मॅरियन इव्हान्सचा जोडीदार. पहिल्याच अंकात तिचाही लेख होता आणि त्याखाली सही होती ‘जॉर्ज एलियट’. खऱ्या नावाच्या आग्रहाची सुरुवात टोपणनावाने! ट्रॉलपची गंमत तर पुढचीच. सहीचा पुरस्कर्ता हा माणूस १८६६ मध्ये ‘ब्लॅकवुड्स’मध्ये चक्क निनावी कादंबरी छापत होता. नावाशिवाय आपलं लेखन कितपत चालतं, हे त्याला पाहायचं होतं.

१८६७ च्या जानेवारीत संपादकपद जॉन मोर्लेकडे आलं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तो तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा चेला. ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त निनावी लिहून तयार झालेला. सही ही त्याच्या लेखी छपाईची तऱ्हा नव्हती. आपल्याला पटलेलं उघड बोलावं, ते बोलण्याची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यावी, हा त्याच्या उदारमतवादाचा गाभाच होता. १८६९ मध्ये जीवशास्त्रज्ञ हक्सलीने जीवनाच्या भौतिक आधारावर लेख दिला. त्यावर एवढा गदारोळ उठला, की तो अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. १८७४ मध्ये मोर्लेने ‘ऑन कॉम्प्रमाइज’ ही लेखमाला लिहिली. सोयीसाठी माणसाने आपलं मत किती गिळावं, हा तिचा विषय.

त्याच वर्षी पुण्यात चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. तिथे प्रश्नच नव्हता, बहुतेक सगळी माला एकहाती. आपल्याकडे नावाचं गणित वेगळं होतं. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रं लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते, ते ‘लोकहितवादी’ झाले. ‘केसरी’चे अग्रलेख ‘आम्ही’ याच सुरात निनावी निघत राहिले.

मोर्ले पुढे मंत्री झाला. १९०५ पासून तो भारतमंत्री होता. गोखल्यांना त्याच्याबद्दल फार आदर, त्याच्या भेटीगाठी घेऊन ते सुधारणांसाठी झटत होते. त्याच्याच कारकिर्दीत, १९०८ च्या जूनमध्ये, चिथावणीखोर वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा इथे झाला आणि त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली. खटला ज्यांवर झाला त्या ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांखाली सही नव्हती. टिळकांनी जबाबदारी झटकली नाही. मुंबईच्या हायकोर्टात ते स्वतःच आपले वकील म्हणून उभे राहिले आणि एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले; मराठी शब्दांची सरकारी भाषांतरं कुठे कुठे चुकली आहेत, हेही ज्यूरीला समजावत राहिले.