मोडेम बदलल्यानंतरचे दोषनिवारण

घरगुती इंटरनेट जोडणीतील मोडेम बदलल्यानंतर सेवा सुरू झाली नाही किंवा अपुरी मिळू लागली, तर दोषाचे स्थान क्रमाने शोधून तो दूर करण्याच्या प्रक्रियेला मोडेम बदलल्यानंतरचे दोषनिवारण असे म्हणतात. उपकरण बदलले तरी घरापर्यंत येणारी तार किंवा प्रकाशतंतू तोच राहतो. मात्र जुन्या मोडेममध्ये साठवलेली माहिती आणि सेवा पुरवठादाराकडे असलेली त्याची ओळख नव्या उपकरणाबरोबर आपोआप येत नाही. त्यामुळे अशा वेळी तार तुटण्यापेक्षा नोंदणी आणि मांडणी यांतील उणीव हेच दोषाचे कारण असण्याचा संभव अधिक असतो.

== पार्श्वभूमी ==
मोडेम हा शब्द मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर या दोन शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. तेव्हा दूरध्वनी क्रमांक फिरवून जोडणी करावी लागे. पुढे तांब्याच्या दूरध्वनी तारेवरून एडीएसएल ही सेवा आली आणि त्यानंतर प्रकाशतंतू थेट घरात पोहोचला. प्रकाशतंतूच्या टोकाला बसवल्या जाणाऱ्या उपकरणाला तांत्रिक भाषेत ओएनटी म्हणतात. बोलीभाषेत त्यालाही मोडेम किंवा राउटर असेच म्हटले जाते.

== तपासणीचा क्रम ==
तपासणी बाहेरून आत, म्हणजे घरात येणाऱ्या तारेपासून वापरकर्त्याच्या संगणकापर्यंत करतात. आधीचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यातील तपासणीला अर्थ राहत नाही.

=== १. संकेत ===
प्रकाशतंतूच्या मोडेमवर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागल्यास प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. तंतू काटकोनात वाकणे किंवा जोडाच्या टोकावर धूळ बसणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. हिरव्या रंगाच्या जोडाचे टोक ८ अंशांनी तिरके, तर निळ्याचे सपाट घासलेले असते. हे दोन्ही एकमेकांत बसत असले तरी त्यामुळे संकेत क्षीण होतो. जीपॉन प्रकारच्या जोडणीत मोडेमच्या पानावर दिसणारी ग्रहणशक्ती साधारणतः उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावी लागते.

एडीएसएलमध्ये ‘डीएसएल’ दिवा स्थिर होणे आवश्यक असते. तो लुकलुकत राहिल्यास स्प्लिटर आणि तारेचे जोड तपासतात.

=== २. नोंदणी ===
लाल दिवा नाही, परंतु ‘पॉन’ दिवा सतत लुकलुकतो, याचा अर्थ प्रकाश येतो पण केंद्रातील यंत्रणेने नव्या मोडेमला स्वीकारलेले नाही. प्रत्येक ओएनटीला स्वतःचा अनुक्रमांक असतो. तो पुरवठादाराच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय सेवा मिळत नाही. हा दोष घरातून दूर करता येत नाही. मोडेमच्या तळावरील अनुक्रमांक पुरवठादारास कळवावा लागतो. काही ठिकाणी ग्राहकाचे खाते जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधलेले असते. तेथे पुरवठादाराकडून ते बंधन काढून घ्यावे लागते.

=== ३. प्रवेश ===
भारतातील अनेक जोडण्या पीपीपीओई पद्धतीने चालतात. तीत मोडेमने वापरकर्तानाव आणि परवलीचा शब्द सादर करावा लागतो. या मांडणीत व्हीलॅन क्रमांक चुकला तरी प्रवेश मिळत नाही. एडीएसएलमध्ये व्हीपीआय व व्हीसीआय हे दोन अंक लागत. बीएसएनएलच्या सेवेत ते अनुक्रमे ० व ३५, तर एमटीएनएलच्या सेवेत ० व ३२ असत. जुन्या उपकरणाचे सत्र केंद्रात उघडे राहिल्यानेही प्रवेश नाकारला जातो. अशा वेळी मोडेम काही मिनिटे बंद ठेवल्यास अडचण दूर होऊ शकते.

=== ४. पत्ता व नाव ===
संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाल्यास मोडेमकडून पत्ता मिळालेला नाही असे समजतात. अंकी पत्त्याशी संपर्क होतो, पण संकेतस्थळे नावाने उघडत नाहीत, तेव्हा दोष डीएनएसमध्ये असतो. काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट थांबतात, अशा वेळी एमटीयू हे मूल्य तपासतात. पीपीपीओईमध्ये ते १५०० ऐवजी १४९२ असते.

=== ५. घरातील जाळे ===
मोडेमला तारेने जोडलेला संगणक चालतो, पण वायफाय चालत नाही, तर दोष घरातीलच असतो. नव्या मोडेमला जुनेच वायफाय नाव, परवलीचा शब्द आणि सुरक्षा प्रकार दिल्यास जुनी उपकरणे पुन्हा आपोआप जोडली जातात. अनेक स्मार्ट दिवे व कॅमेरे केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वेग ९५ मेगाबिटच्या आसपास अडकल्यास तारेतील चारच धागे जोडलेले असणे किंवा १०० मेगाबिटचे द्वार वापरले जाणे, हे कारण असू शकते.

== दूरध्वनीवरील परिणाम ==
प्रकाशतंतूच्या जोडणीत घरचा दूरध्वनीही बहुधा मोडेममधूनच चालतो. त्याची मांडणी वेगळी असल्याने इंटरनेट सुरू होऊनही दूरध्वनी बंद राहू शकतो. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला केंद्रातून वीज मिळत असे. प्रकाशतंतूतून ती मिळत नाही, त्यामुळे घरातील वीज गेल्यास बॅटरीची सोय नसलेल्या मोडेमसह दूरध्वनीही बंद पडतो. ज्या घरात वृद्ध किंवा रुग्ण व्यक्ती संकटकाळी त्या दूरध्वनीवर अवलंबून असते, तेथे बदलानंतर एक कॉल करून व एक घेऊन पाहणे आवश्यक ठरते.

== सुरक्षितता ==
तंतूतील लेसर किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून उघड्या टोकात पाहू नये. मोडेमच्या व्यवस्थापन पानाचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. जुने उपकरण परत देण्यापूर्वी रीसेट करावे, कारण त्यात घरातील वायफायचा परवलीचा शब्द साठवलेला असतो. मात्र नवी जोडणी सुरळीत होण्यापूर्वी ते रीसेट केल्यास प्रवेशाची माहितीही नष्ट होते. म्हणून त्यातील मांडणीची नोंद आधी करून ठेवणे हितावह असते.

== तक्रार ==
तक्रारीत दिव्यांची स्थिती, मोडेमचा अनुक्रमांक आणि बदलाची तारीख दिल्यास दोष शोधणे सुलभ होते. भारतात प्रथम पुरवठादाराच्या तक्रार केंद्राकडे नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा लागतो. तेथे समाधान न झाल्यास त्याच पुरवठादाराच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.

== हेही पहा ==
* राउटर
* प्रकाशतंतू
* वायफाय