मेळघाटची सीमा आणि दाखल्यावरची जमात

घाट उतरला की माणसाची जमात बदलते काय? वऱ्हाडात पाव शतकाहून अधिक काळ कायद्याचे उत्तर जवळजवळ ‘होय’ असेच होते.

१९०५ पर्यंत एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते आणि मेळघाट त्याच जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींची यादी झाली, तेव्हा मात्र अमरावती जिल्ह्यातून एकट्या मेळघाट तहसिलीची निवड झाली. परिणामी चिखलदऱ्याचा कोरकू राखीव जागेस पात्र ठरे. तोच पोटासाठी परतवाड्यात येऊन स्थायिक झाला, की यादीबाहेर जाई. भाषा तीच, देव तेच, सोयरीकही तीच! हे क्षेत्रबंधन उठवणारा कायदा संसदेने १९७६ मध्ये केला. तो २७ जुलै १९७७ पासून अमलात आला.

सीमा गेली, पण जुनी कागदपत्रे उरली. विदर्भातील अनेक विणकर कुटुंबांचा दावा असा, की आपण मूळचे हलबा. दाखलखारीज नोंदवहीत किंवा कोतवाल बुकात लिहिलेले ‘कोष्टी’ हा केवळ व्यवसाय. दावा सरसकट खोटा म्हणावा, तर जात आणि धंदा एकाच रकान्यात मिसळणारे जुने कारकून आठवतात. सरसकट खरा मानावा, तर कोष्टी ही स्वतंत्र जात म्हणूनही जुन्या दप्तरांत ठळकपणे दिसते.

२८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिलिंद खटल्यात निर्णय दिला: यादी जशी आहे तशीच वाचावी, ‘हलबा’मध्ये ‘हलबा-कोष्टी’ येत नाही, आणि यादीत बदल करण्याचा अधिकार केवळ संसदेचा. तोवर अंतिम झालेल्या नियुक्त्यांना मात्र धक्का लावला नाही. महाराष्ट्राच्या जात पडताळणी कायद्याने, जो २००१ मध्ये लागू झाला, पुराव्याचा भार अर्जदारावरच टाकला. आता १९५० पूर्वीची नोंद निर्णायक महत्त्वाची ठरू लागली. ज्याच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही, त्या कोरकूने ती आणावी कोठून?

६ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने अधिक कठोर भूमिका घेतली: दावा अवैध ठरल्यास नोकरीचे संरक्षणही नाही. त्यानंतर २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना ११ महिन्यांसाठी ‘अधिसंख्य’ पदांवर वर्ग केले. कित्येकांची तोवर दोन-दोन दशकांची सेवा झाली होती.