संवादी संगणन : एका पद्धतीचा मागोवा

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाचे रूप गुरुशिष्य-संवादाचे. श्रोत्याने शंका घ्यावी, वक्त्याने तिथेच निरसन करावे. घनसावंगीत शिक्षकाविना क्लोजर ही संगणकभाषा शिकताना मला हीच रीत आढळली आणि तिचा इतिहास शोधावासा वाटला.

आपल्याकडील संगणनाची सुरुवात अशी संवादी नव्हती. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. छिद्रे पाडलेल्या कार्डांची चळत द्यायची आणि छापील उत्तराची वाट पाहायची, ही त्या काळची पद्धत. एक चिन्ह चुकले तरी पुन्हा रांग.

दुसरी वाट अमेरिकेत त्याआधीच निघाली होती. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेचे काम आरंभले. पुढे पीटर डॉइच या किशोरवयीन मुलाने ती पीडीपी-१ या यंत्रावर बसवली. तिथे ओळ टंकली की उत्तर हजर. वाचणे, मूल्य काढणे, छापणे, पुन्हा वाचणे, या चक्राला आज ‘रेपल’ म्हणतात.

रिच हिकी यांनी २००७ मध्ये जाहीर केलेली क्लोजर याच घराण्यातली. पुण्याशी नाते असलेल्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपल्या कामासाठी तीच निवडली. क्लोजरच्या ‘रिंग’ लायब्ररीत वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे मुळात एक फंक्शन असते, विनंती घेऊन उत्तर देणारे. सर्व्हरच्या हाती फंक्शनऐवजी त्याचे नाव सोपवले, की सर्व्हर न थांबवता व्याख्या बदलता येते; पुढच्याच विनंतीला नवे उत्तर मिळते.

यात एक अडचण आहे. फाइलमधून खोडलेली व्याख्या मेमरीत जिवंत राहते, डेटाबेसच्या जुन्या जोडण्या उघड्या राहतात. स्टुअर्ट सिएरा यांनी २०१३ मध्ये त्यावर शिस्त मांडली. अ‍ॅप्लिकेशनचे सारे भाग एकत्र बांधावेत, ते थांबवावेत, बदललेला मजकूर भरावा, पुन्हा सुरू करावेत. रेपल मात्र बंद करू नये.

या पद्धतीचे मोल नुसत्या वेगात नाही. शंकेला उत्तर किती लवकर मिळते, यावर शिकणे टिकणार की सुटणार हे ठरते. शहरात शेजारच्या टेबलावर जाणकार सापडतो. तालुक्याच्या गावात शिकणाऱ्याला तो आधार नसतो. काय घडले ते रेपल तत्काळ दाखवते, का घडले ते शोधण्याचे काम त्याच्याकडेच राहते. पण त्या शोधासाठी त्याला रांगेत उभे राहावे लागत नाही.