पाते, मूठ आणि नक्षी: हत्यारावरच्या सजावटीची किंमत कशी ठरत असे?

प्रस्तावना

मागील पाठात आपण मध्ययुगीन कारखाने आणि कारागिरांच्या जाती पाहिल्या. या पाठात एका छोट्या प्रश्नाकडे वळू. एखाद्याने कट्यार किंवा सुरी खास बनवून घेतली आणि मुठीवर सोन्याची वेल हवी असे सांगितले, तर त्या वेलीचे पैसे कोणत्या हिशोबाने लागत? प्रश्न छोटा असला तरी त्यातून कारागिराच्या श्रमाला समाज काय मोल देत होता हे कळते.

१. साधे पाते: धान्याचा हिशोब

रायपूरच्या परिसरापासून सुरुवात करू. इ.स. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहू लागले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले.

या मुलखात लोखंड मुबलक होते. अगरिया लोक लहान भट्ट्यांत लोखंड गाळत आणि गावचा लोहार त्यातून फाळ, कुऱ्हाड, विळा, सुरी घडवत असे. लोहाराला प्रत्येक वस्तूमागे रोख पैसे मिळत नसत. नांगरामागे ठरलेले वार्षिक धान्य हीच त्याची कमाई. महाराष्ट्रातील बलुत्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. तिच्याशी हे ताडून पाहा. साध्या पात्याची किंमत अशी रूढीने बांधलेली होती. सजावट मात्र या चौकटीत बसत नव्हती. ती हौसेची किंवा मानाची बाब, म्हणून तिचा हिशोब वेगळा आणि रोखीचा.

२. आईन-इ-अकबरीतील दर

सजावटीच्या हिशोबाचा सर्वांत स्पष्ट पुरावा अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त (सोळाव्या शतकाची अखेर) मिळतो. हे दर मुघल दरबाराचे आहेत, रायपूरच्या बाजाराचे नव्हेत. पण हिशोबाची रीत समजण्यास ते उत्तम आहेत. त्या वेळी ४० दाम म्हणजे १ रुपया आणि चालू मोहर सुमारे ९ रुपयांची.

पोलादावर सोन्याचांदीची तार बसवणाऱ्याला ‘कोफ्तगर’ म्हणत. तो पोलादावर कानशीच्या दात्यांहून बारीक चरे पाडतो, त्यांवर तार ठोकून बसवतो आणि घोटून एकजीव करतो. त्याचे काम मुख्यतः शस्त्रांवरच असे. मजुरीचे दर असे:

• कोफ्तगर: सोन्याच्या तोळ्यामागे १०० दाम, चांदीच्या तोळ्यामागे ६० दाम.
• सीमबाफ (तलवार-कट्यारीसाठी सोन्याचांदीच्या तारांचे गोफ विणणारा): सोन्याला २४, चांदीला १६ दाम.
• सादाकार (साधे दागिने घडवणारा): सोन्याला साडेपाच, चांदीला २ दाम.

म्हणजे तेच एक तोळा सोने साध्या दागिन्यात गेले तर साडेपाच दाम आणि पोलादावर बसले तर १०० दाम, जवळजवळ अठरापट. अव्वल सुताराची रोजची मजुरी ७ दाम होती. त्या मानाने कोफ्तगराचा एक तोळा म्हणजे सुताराचे चौदा दिवस.

३. एक हिशोब करून पाहा

समजा, कट्यारीच्या मुठीवर पाव तोळा सोने बसवायचे आहे. मोहरेच्या भावाने तोळाभर सोने सुमारे १० रुपयांचे. म्हणून पाव तोळ्याचे अडीच रुपये, म्हणजे १०० दाम. मजुरी २५ दाम. एकूण १२५ दाम, म्हणजे तीन रुपयांहून थोडे जास्त.

आता हत्यारांच्या किमती पाहा. आईनमध्ये खंजीर अर्ध्या रुपयापासून ५ रुपयांपर्यंत आहे आणि जमधर (आपण जिला कट्यार म्हणतो ती) अर्ध्या रुपयापासून अडीच मोहरांपर्यंत. खालची किंमत दोन्हींची सारखीच, अर्धा रुपया. फरक पडतो तो वरच्या टोकाला. त्यात पात्याच्या पोलादाचाही वाटा असणारच. तरी आपल्या पाव तोळ्याच्या वेलीलाच स्वस्तातल्या सहा कट्यारींइतका खर्च येतो, हे लक्षात घ्या.

४. दर वजनावर, पण मोल कशाचे?

वजनावर दर लावण्यात दोघांची सोय होती. गिऱ्हाईक सोने तोलून देई, उरलेले तोलून परत घेई. वादाला जागा कमी. पण या पद्धतीत एक गोम आहे. चांदी सोन्यापेक्षा हलकी असते (घनता १०.५ आणि १९.३). सारख्याच जाडीची तार ओढली, तर तोळाभर चांदीची तार सोन्याच्या तारेहून सुमारे १.८ पट लांब होईल. म्हणजे चांदीच्या कामात हातोडीचे ठोके जास्त आणि मजुरी मात्र ६० दाम. सारख्या लांबीला सोन्याचे १०० दाम धरले, तर चांदीला जेमतेम ३३ दाम पडतात.

यावरून असा निष्कर्ष काढता येतो की दर केवळ वेळेचा नव्हता. मौल्यवान धातू हाताळण्याची जोखीम, कारागिरावरचा विश्वास आणि सोने घेणाऱ्या गिऱ्हाइकाची ऐपत यांचे मोलही त्यात होते. चांदीवर काम करणाऱ्याचे श्रम त्यात झाकले गेले.

५. बदललेला काळ

संस्थाने खालसा झाली, १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि सजवलेल्या शस्त्रांची मागणी आटली. पंजाबातील सियालकोट-गुजरातच्या कोफ्तगरांनी तबके, डब्या, दौती यांवर तेच काम सुरू केले. नागपूरच्या अजब बंगल्यातील शस्त्रदालनात गेलात, तर नुसते पाते पाहून पुढे जाऊ नका. मूठ, परज आणि म्यान निरखून पाहा. मजुरीचा मोठा भाग तिथे मुरलेला असतो.

रायपूरच्या शबरी एम्पोरियममध्ये आज बस्तरचे लोहशिल्प विकले जाते. त्यात सोने नाही, चांदी नाही. तापवून ठोकलेले लोखंड आणि हात एवढेच आहे. तिथे तोळ्याचा हिशोब लावायचा कशाला? वजनाने तोलले तर कारागिराला लोखंडाचाच भाव मिळेल. म्हणून तिथे वेळ आणि कसब मोजावेच लागते. जुन्या दरपत्रकात चांदीवर काम करणाऱ्याचे जे बुडाले, ते लोखंडावर काम करणाऱ्याचे बुडू नये, यासाठी हा इतिहास उपयोगी आहे.

सारांश

साधे पाते रूढीच्या धान्यावर, सजावट तोळ्याच्या दरावर. वजनाचा दर स्पष्ट व तपासण्याजोगा होता, पण तो श्रमाचे पूर्ण माप नव्हता.

स्वाध्याय

१. अर्धा तोळा चांदीच्या कोफ्तकामाची मजुरी किती दाम होईल?
२. बलुते आणि तोळ्याचा दर या दोन पद्धतींत कारागिराची सुरक्षितता कोणत्या पद्धतीत अधिक होती? कारणे द्या.
३. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराला भेटा. तो नक्षीचे पैसे वजनावर, वेळेवर की वस्तूवर घेतो, ते विचारून टिपण लिहा.